‘जरा मागे घ्या’

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून माझा स्टुडिओ गुरुवारी हमखास उघडा असतो. वर्कशॉपवाल्या शेठ लोकांच्या शर्टाला कूलंटचा वास नसतो असा आठवड्यातला हा एकच दिवस. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तर तीही नेमकी याच वारी. त्यामुळे धंद्यात मी पहिला खर्च केला तो इन्व्हर्टरवर. सॉफ्टवेअरचा विचार नंतर आला.

अशाच एका गुरुवारी एक शेठ त्यांच्या ॲल्युमिनियम हाउसिंगचे फोटो बघायला आले. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत वेंडर म्हणून नाव लागायचं होतं, त्यासाठी कॅटलॉग हवा होता. मी आदल्या रात्री जागून स्लाइड शो बनवला होता. जॉब गिरकी घेत समोर येतोय, विरघळून दुसरा होतोय, मागे सतारीचं काहीतरी वाजतंय. अकरावा फोटो आला, गेला, आणि शेठ म्हणाले, “जरा मागे घ्या.”

मागे घेणार कसं? मी व्हिडिओ बनवून ठेवला होता. मागे ओढला तर नववा फोटो आला, पुढे ढकलला तर तेरावा. तिसऱ्या खेपेला अकरावा सापडला, तोही अर्धा बाराव्यात विरघळलेला. शेवटी सतार बंद केली, फोल्डर उघडलं, मूळ फोटो शंभर टक्क्यांवर मोठा केला. शेठनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं आणि एका टॅपिंगच्या भोकाच्या कडेवर नखाने टकटक केली.

“बर आहे बघा, धातूची कुसळं. ती काढलेलीच नाहीत, डिबरिंग केलेलंच नाही पोरांनी. आणि तुम्ही त्याचा इतका चकाचक फोटो काढलाय.”

तेव्हापासून स्लाइड शोचं सॉफ्टवेअर दाखवायला कुणी आलं, की मी इफेक्ट किती आहेत हे विचारत नाही. मी विचारतो, ‘मागे जातं का? लगेच? आणि तिथे थांबतं का?’ विकणारा माणूस गोंधळतो. त्याच्याकडे पाचशे ट्रान्झिशनची यादी तयार असते. पान उलटतंय, पडदा फाटतोय, गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत. मागे जाण्याबद्दल त्याला अजून कुणी विचारलेलं नसतं.

माझा धंदा अर्धा लग्नांचा, अर्धा कारखान्यांचा. एका बाजूला आळंदी रोडची कार्यालयं, दुसऱ्या बाजूला टेल्को रोड. लोकांना वाटतं, ही दोन वेगळी कामं. कारखान्याला साधं दाखवावं आणि लग्नाला झगमग लागते. झगमग लागते हे खरं. पण ती कधी लागते, यात आमच्या धंद्याची मोठी गल्लत झालीय. जुळून आलेला, गाण्यावर बसवलेला व्हिडिओ हा शेवटी द्यायचा माल आहे, पॅकिंग करून. ग्राहकाला फोटो दाखवणं ही त्याआधीची पायरी, तिथे तो बघतो, हरकत घेतो, निवडतो. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर घड्या मोडून थानं पसरतात, बॉक्समध्ये बांधलेली साडी पुढे करत नाहीत. आम्ही बॉक्स पुढे करतो, वर रिबिनही बांधतो.

मामांची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वीचं लग्न. मामाने मुलीला बोहल्यावर आणलं, अंतरपाट धरला, मामा नवरीच्या मागे उभे. रुंद फोटो होता, मामा डाव्या कडेला. निवडीसाठी सगळं घर माझ्याकडे आलं, दोन्हीकडची मिळून चौदा माणसं. मी शो लावला. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप पॅन-झूम होतं. प्रत्येक फोटोत ते मधे शिरायचं आणि आणखी मधे शिरत जायचं. त्या फोटोत मामा सुरुवातीला अर्धे दिसले आणि दोन सेकंदांत गायब झाले. पुढच्या फोटोतही तेच. तिसऱ्या वेळी मामा उठले. “मला काढून टाकलंय का?” मी म्हणालो, मामा, फोटोत तुम्ही आहात, हे यंत्र आत जातंय. त्यांना ते पटलं नाही. लग्नात आधीच कशावरून तरी बिनसलेलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांना वाटलं, हे कुणीतरी मला सांगून करवून घेतलंय. चहाला न थांबता गेले.

या सरकत्या फोटोच्या चालीला केन बर्न्सचं नाव आहे. अमेरिकन माहितीपटकार. तिथल्या यादवी युद्धाच्या काळात चलच्चित्र नव्हतंच, त्यामुळे 1990 च्या त्याच्या मालिकेत त्याने जुन्या स्थिर फोटोंवरूनच कॅमेरा फिरवला. ॲपलने 2003 मध्ये आयमूव्हीत ती चाल त्याच्याच नावाने बटणावर आणून ठेवली आणि मग ती सगळीकडे पसरली. फरक एवढाच, की बर्न्स प्रत्येक फोटोत कुठून निघायचं आणि कुणापाशी पोचायचं हे स्वतः ठरवत होता. आमच्या सॉफ्टवेअरला मामा म्हणजे काय हे माहीत नाही.

त्यात पडद्याच्या आकाराचं गणित वेगळंच. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन, टीव्ही सोळास नऊ. ‘स्क्रीन भरा’ हा पर्याय दाबला, की सहा हजार बाय चार हजारच्या फोटोची उंची 3375 वर येते. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा उंची गेली, आणि ती नेमकी फेट्याकडून किंवा पावलांकडून जाते. उभा फोटो तर फुल एचडी पडद्याच्या 1920 ठिपक्यांपैकी फक्त 720 व्यापतो. उरलेलं काळं राहतं. राहू द्या की! हल्ली त्या काळ्या जागेत त्याच फोटोची धुरकट मोठी प्रत भरतात. नवरीच्या दोन्ही बाजूंना तिच्याच पैठणीचे पिवळे-जांभळे ढग. माझ्या डोळ्यांना हे सहन होत नाही. ग्राहकांना आवडतं, हेही कबूल करतो.

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, हा स्टुडिओ काढला तेव्हा दाखवण्याचं यंत्र होतं स्लाइड प्रोजेक्टर. मुंबईहून जुना घेतलेला कोडॅकचा कॅरोसेल, वर गोल चकती, तिला ऐंशी खाचा. ऐंशीच्या दशकात इथल्या कंपन्यांच्या डीलर मीटिंगला अण्णा तो खोक्यात घालून न्यायचे. पारदर्शिका मुंबईहून धुवून यायच्या, मग त्या दोन इंची पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायच्या. शाळेतून आल्यावर माझं काम एकच असायचं. स्लाइड उजेडाकडे धरायची, चित्र सुलटं दिसलं की चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका द्यायचा. मग स्लाइड उलटी करून चकतीत घालायची. उलटी केली की ठिपका वर उजवीकडे येतो, बरोबर अंगठ्याखाली. अंधारात, घाईत, दिवा गेलेला असतानाही ऐंशी ठिपके अंगठ्याखाली आले तर ऐंशी फोटो पडद्यावर सुलटे येणार. एकदा तीन ठिपके मी चुकीच्या कोपऱ्यात दिले आणि एका कंपनीचे जनरल मॅनेजर डीलरांसमोर डोक्यावर उभे राहिले. अण्णांनी रिमोटचं मागचं बटण दाबलं, स्लाइड काढली, फिरवली, परत घातली. पडद्याकडे बघतच होते सगळे. कुणी उठून गेलं नाही.

त्या यंत्राला मागचं बटण होतं. खट्ट आवाज करून एक खाच मागे यायचं. आणि खाचा ऐंशीच होत्या, त्यामुळे निवड घरीच करून जावी लागे. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर दुधी काचेखाली बल्ब लावून अण्णा दोनशे पारदर्शिका पसरायचे आणि आई म्हणायची, आता भाकऱ्या थापू कुठे? सॉफ्टवेअरमध्ये खाचा नाहीत. लग्नाचे तीन हजार फोटो त्याला दिले तर ते तीन हजार दाखवतं. फोटोला चार सेकंद धरले तरी तीन तास वीस मिनिटं झाली. चारशेव्या फोटोनंतर माणसं मोबाइल काढतात, आणि मग आपण म्हणतो, पब्लिकला पेशन्स राहिला नाही.

मी पहिल्या बैठकीला ऐंशीच फोटो ठेवतो. अण्णांच्या चकतीचा मान म्हणा. पाच सेकंदांनी ऐंशी म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंद. गंमत म्हणजे टोकियोत 2003 साली ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारदांनी ‘पेचाकुचा’ नावाचा प्रकार सुरू केला, त्यात वीस चित्रं, प्रत्येकी वीस सेकंद. गुणाकार करून बघा, तेही सहा मिनिटं चाळीस सेकंदच. तिथे चित्र आपोआप पुढे सरकतं, कारण आवरायचं असतं बोलणाऱ्याला. आमच्याकडे बोलायचं असतं बघणाऱ्याला. त्याच्या हातातून लगाम काढून यंत्राला दिला, की तो मुका होतो.

आपल्याकडे हे फार आधी कुणाला तरी कळलेलं होतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 पासून मुलांना बरोबर घेऊन ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, दिव्याच्या उजेडात पडद्यावर, रामायणातल्या कथा, सोबत निवेदन आणि संगीत. एकापेक्षा जास्त दिवे आलटून पालटून वापरून हालचालीचा भास. आज ज्याला आपण ट्रान्झिशन म्हणतो ते कल्याणच्या एका घरात सव्वाशे वर्षांपूर्वी हाताने चालायचं. पण चित्र सरकवणारा माणूस तिथे हजर असायचा. टाळी लांबली तर तो थांबू शकत होता.

आता नेमकं काय वापरतो, ते सांगतो, कारण लोक मला तेच विचारतात आणि मी उत्तराऐवजी भाषण देतो.

लग्नाची निवड मी लाइटरूममध्येच करतो. त्यात स्लाइड शोचा वेगळा विभाग आहे, तिकडे मी जात नाही. एफ दाबलं की फोटो पूर्ण पडदा घेतो, बाणाने पुढे-मागे जातो. हवा तर पी, नको तर एक्स. एन दाबलं की निवडलेले फोटो शेजारी शेजारी मांडले जातात, आणि खरी मजा तिथे आहे. अक्षता पडतानाचे आठ फोटो असतात. एकात नवरीचे डोळे मिटलेले, एकात नवरदेवाच्या नाकावर तांदूळ, एकात मागच्या काकू जांभई देताहेत. घरच्यांनी एकेक बाद करत यायचं. काकू स्वतः हजर असतील तर तो फोटो सगळ्यात आधी जातो. या खेळात दहा मिनिटं जातात आणि तोवर अल्बमचं अर्धं काम झालेलं असतं. लाइटरूमची एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती सहावी, 2015 ची. आता भाडं भरावं लागतं. मला ते खुपतं, तरी भरतो. पेनड्राइव्हवर फिरणारे क्रॅक मीही वापरलेत, त्यातून आलेल्या व्हायरसने एका दिवाळीत दोन हार्ड डिस्क घेतल्या, तेव्हापासून भाडं स्वस्त वाटतं.

कारखानदारांसाठी लाइटरूमही नको. तिथे इरफान व्ह्यू. व्हिएन्नात राहणाऱ्या इरफान श्किल्यान या बोस्नियन माणसाने 1996 मध्ये आणलेला हा छोटासा प्रोग्राम जुन्या लॅपटॉपवरही झटकन उघडतो. घरी वापरायला फुकट आहे, पण धंद्यासाठी लायसन्स घ्यावं लागतं, हे आपल्याकडचे निम्मे स्टुडिओवाले सोयीस्कर विसरतात. फास्टस्टोनही तसाच, त्यात माउसने दाबून धरलं की भिंग लागल्यासारखा तेवढा भाग मोठा होतो. परचेसवाल्या साहेबांना हे फार आवडतं. ते सरफेस फिनिश असा बघतात जसा सराफ खडा बघतो.

काही शेठ म्हणतात, पॉवरपॉइंटमध्येच द्या, साहेबांना त्याची सवय आहे. देतो. पण सेव्ह करताना पॉवरपॉइंट फोटो दाबून लहान करू शकतो. ऑप्शन्समध्ये जाऊन ‘कॉम्प्रेस करू नका’ ही खूण आधी करावी लागते, नाहीतर शेठनी लाखांच्या व्हीएमसी मशीनवर काढलेलं फिनिश मीटिंगमध्ये साबण चोळल्यासारखं दिसतं. तेच व्हॉट्सॲपचं. फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो. 2023 पासून एचडीचा पर्याय आहे, तरी मी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो.

टीव्हीबद्दल एक सूचना, फार लांबवत नाही. ग्राहकाच्या घरी जाऊन टीव्हीवर दाखवायचं असेल तर आधी रिमोट मागून घ्या आणि ‘विविड’ मोड बंद करा. एका हळदीचे फोटो मी तसेच लावले होते, मुलगी कावीळ झाल्यासारखी दिसली आणि तिच्या सासूबाई काळजीने गप्पच झाल्या. फोटो एसआरजीबीमध्ये काढलेले असू द्या. टीव्ही कडा कापत असेल तर ‘स्क्रीन फिट’ किंवा त्या अर्थाचं काही मेनूत शोधा. आणि कार्यालयात एलईडी वॉलवाला म्हणाला की फोर-के पाठवा, तर हसून मान डोलवा. पी-थ्री वॉल म्हणजे दोन दिव्यांत तीन मिलिमीटर. बारा फूट रुंद भिंतीवर जेमतेम बाराशे ठिपके बसतात. खिशातल्या मोबाइलला त्याहून जास्त असतात.

राहिली लिंक. ऑनलाइन गॅलरी बनवायची, ग्राहकाने घरबसल्या हृदयाच्या खुणा करायच्या. नवी पिढी यावरच चालते आणि परगावच्या माणसांसाठी ते ठीकच आहे. पण माझ्या अनुभवात लिंक पाठवली की निवड लांबते. मुलगी बंगळूरला, आईला लिंक उघडत नाही, नवरदेव म्हणतो तुम्हीच ठरवा. लग्नाचा पहिला वाढदिवस येतो आणि अल्बम अजून शून्य पानांचा. समोरासमोर बसून दीड तासात जे होतं, ते लिंकवर दीड महिन्यात होत नाही. शिवाय लिंकवर कुणी कुणाला कोपर मारत नाही, “बघ, बघ, तुझे दादा कसे रडताहेत” असं म्हणत नाही.

आमच्या धंद्यातली मुलं माझ्याशी वाद घालतात. काका, इफेक्टवरच पैसे मिळतात, म्हणतात. त्यांना मी प्रोशोची आठवण करून देतो. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या फोटोडेक्स कंपनीचं हे सॉफ्टवेअर आमच्या लग्नाच्या धंद्यात घराघरांत पोचलेलं होतं. स्टाइलच्या सीडी विकत मिळायच्या. कंपनी 31 जानेवारी 2020 ला बंद झाली. त्याआधी 2016 मध्ये गुगलने पिकासा थांबवलं, 2017 च्या जानेवारीत विंडोज मूव्ही मेकर गेलं. प्रोशोत मी कितीतरी लग्नं रचून ठेवली होती आणि त्यांचे वेगळे व्हिडिओ काढून ठेवायचा कंटाळा केला होता. तो आळस सर्वस्वी माझा. पीसी बदलला तेव्हा त्या फाइली नुसत्या नावापुरत्या उरल्या. आणि फोटो तर ग्राहकाचे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं, की वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा. दुसऱ्याची वस्तू मी अशा पेटीत ठेवली, जिची किल्ली ऑस्टिनला होती. आता निवड संपली की मी साधं फोल्डर करतो, जेपेग फोटो, नावाआधी 001, 002. कुठल्याही यंत्रावर ते त्याच क्रमाने उघडतात, आणि मागेही जातात.

अण्णा आता दुपारी स्टुडिओत येऊन बसतात. परवा मी लॅपटॉपवर निवड करत होतो, ते मागून बघत होते. म्हणाले, “हे उलटं लागत नाही ना?” नाही म्हणालो. “मग ठिपका कशाला देत नाही, हे आलं लक्षात. पण काढून टाकलेले कुठे जातात?” त्यांना एक्स दाबून दाखवला. फोटो फिकट झाला, गेला नाही. ते बराच वेळ तोच फोटो फिकट करत आणि परत आणत बसले.

हाउसिंगवाल्या शेठनी जॉब डिबरिंग करून परत पाठवला. मी फोटो नव्याने काढले आणि गुरुवारी इरफान व्ह्यूमध्ये एकेक करून दाखवले. एकवीस फोटो, पस्तीस मिनिटं. चार वेळा मागे गेलो. सोळा पास झाले. उठताना शेठ म्हणाले, “आणि तो पहिला सिनेमा केला होता ना तुम्ही, सतारीचा, गिरक्यांचा? तोही ह्या सोळांचा करून द्या. मोशीच्या प्रदर्शनात स्टॉल घेतलाय, तिथे टीव्हीवर दिवसभर चालू ठेवतो. तिथे कोण म्हणतंय मागे घ्या म्हणून.”

बनवून दिला, गिरक्यांसकट. फक्त सतारीच्या जागी त्यांनी ढोल-ताशा मागितला.